बॅरिस्टरांची फी, सरकारची काटकसर आणि ताटकळलेले खटले

'बॅरिस्टर' हा शब्द मराठी कानाला आजही भारदस्त लागतो. महात्मा गांधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, बॅ. नाथ पै अशी नावे त्या पदवीला चिकटलेली आहेत. विलायतेहून सनद घेऊन आलेला माणूस म्हणजे पैशाला तोटा नसलेला माणूस, ही समजूत आपल्याकडे दोन-तीन पिढ्या पोसली गेली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज कायद्याचा अंमल होता आणि इथला वकील 'आदवोगाद' होता; बॅरिस्टर भेटायचा तो बहुधा मुंबईच्या वर्तमानपत्रांतूनच. त्यामुळे २७ जून २०२२ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयासमोर पांढरे टोप आणि काळे झगे घातलेले वकील निदर्शनाला उभे राहिल्याची छायाचित्रे आली, तेव्हा बातमीच्या टेबलावर पहिला प्रश्न निघाला तो असा : या लोकांना आणखी पैसे कशाला हवेत?

प्रश्न स्वाभाविक होता, पण त्यात दोन चुका होत्या. रस्त्यावर उतरलेले बॅरिस्टर कंपन्यांचे दावे चालवणारे नव्हते. सरकारी खर्चाने गरीब आरोपीचा बचाव करणारे, आणि दुसऱ्या खटल्यात सरकार पक्षाची बाजू मांडणारे, फौजदारी बॅरिस्टर होते. दुसरे असे, की त्यांची मागणी नव्या वाढीपेक्षा जुनी कपात भरून काढण्याची होती. ही कपात कशी झाली, ती भरून काढायला काय करावे लागले आणि तोवर इंग्लंडच्या न्यायालयांचे काय झाले, याचा हा मागोवा.

बॅरिस्टर आणि सॉलिसिटर

इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलांचे दोन वर्ग आहेत. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची न्यायव्यवस्था वेगळी आहे, या लेखातील काहीही त्यांना लागू नाही.) सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, पोलीस ठाण्यात जातो, कागदपत्रे गोळा करतो. न्यायाधीश आणि ज्यूरीपुढे उभे राहून साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, युक्तिवाद करणे हे प्रामुख्याने बॅरिस्टरचे काम. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही एकेकाळी अशीच दुहेरी पद्धत होती. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला, आणि मुंबईतील ती पद्धतही सत्तरच्या दशकात मोडीत निघाली.

बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात. ते 'चेंबर्स' नावाच्या गटात एकत्र बसतात, पण ती भागीदारी नसते. जागेचे भाडे, कारकुनांचे पगार, व्यवसाय विमा, सनदेचे शुल्क, प्रवास हे सारे प्रत्येकाच्या कमाईतून वजा होते. पगारी रजा नाही, आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. चेंबर्सचा 'क्लार्क' हा आपल्या समजुतीतला कारकून नव्हे. कोणाकडे कोणता खटला जाईल, कोणाची तारीख कोणाच्या तारखेवर आदळते, याचा हिशेब ठेवणारा तो खरा कारभारी असतो. पुढे जे आंदोलन झाले त्याची किल्ली या क्लार्कच्या रोजनिशीत होती.

कायद्याने पाहिले तर स्वतंत्र व्यावसायिकाला 'संप' करता येत नाही, कारण त्याला मालकच नसतो. तो फक्त काम नाकारू शकतो. म्हणून त्यांच्या संघटनेने, क्रिमिनल बार असोसिएशनने, 'संप' हा शब्द कटाक्षाने टाळला आणि 'कृतीचे दिवस' म्हटले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी मात्र तो शब्द टाळला नाही. 'कृतीचे दिवस' मथळ्यात घालून बातमी वाचकाला कळणे कठीणच होते, हे आम्हा उपसंपादकांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

सरकार कोणाच्या बचावासाठी पैसे देते

गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद इंग्लंडमध्ये १९०३ सालापासून कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे. तिला व्यापक रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. रशक्लिफ समितीच्या अहवालावरून अॅटली सरकारने १९४९ चा विधी साहाय्य कायदा केला. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मागोमाग, कल्याणकारी राज्याच्या त्याच लाटेत तो आला. आजारी माणसाला डॉक्टर मिळावा तसा खटल्यात सापडलेल्याला वकील मिळावा, ही त्यामागची भूमिका होती. पण दवाखान्यातली रांग मतदाराला दिसते, कोर्टातली दिसत नाही. शिवाय 'गुन्हेगाराच्या वकिलाला सरकारी पैसा' हे वाक्य कोणत्याही अर्थमंत्र्याला सोयीचे असते. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे एवढ्या छोट्या वाक्यात सांगता येत नाही.

गंभीर खटले क्राउन कोर्टात चालतात. तिथे बचावाच्या बॅरिस्टरला 'अॅडव्होकेट्स ग्रॅज्युएटेड फी स्कीम' या कोष्टकानुसार पैसे मिळतात. तासांवर फी नाही. गुन्ह्याचा प्रकार, बॅरिस्टरचा दर्जा, खटला किती दिवस चालला यांवरून रक्कम ठरते, आणि वाचन, तयारी, आरोपीच्या भेटी, रात्री जागून लिहिलेले युक्तिवाद हे बहुतांशी त्या रकमेतच धरलेले असतात. आरोपीने ऐनवेळी गुन्हा कबूल केला आणि खटला उभा राहिला नाही, तर फी घसरते. सुनावणी न्यायालयाच्याच अडचणीमुळे पुढे ढकलली गेली, तर तो दिवस जवळजवळ वाया जातो. पैसे हातात पडतात ते मुख्यतः खटला संपल्यावर. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. २०२२ च्या वाटाघाटी शेवटी त्याच्यावरच अडल्या.

कपातीचे दशक

२००७ साली लॉर्ड कार्टर यांच्या शिफारशींवरून या कोष्टकाचे दर नव्याने बसवण्यात आले. महागाईबरोबर ते आपोआप वाढावेत अशी सोय त्यात ठेवली नव्हती. म्हणजे कोणी काहीही केले नसते, तरी खरे उत्पन्न दरवर्षी थोडे थोडे झिजणारच होते. पण सरकारने तेवढ्यावर थांबायचे नाही असे ठरवले.

या कपातीचे सारे खापर डेव्हिड कॅमेरन यांच्या आघाडी सरकारवर फोडण्याची प्रथा आहे. ते पूर्ण खरे नाही. तीन वर्षांत दरवर्षी साडेचार टक्के फी कमी करण्याचा निर्णय मजूर पक्षाच्या सरकारने २०१० च्या वसंत ऋतूत, निवडणुकीच्या तोंडावर घेतला. आघाडी सरकारने तो पुढे चालवला आणि त्यावर आपले इमले चढवले. ऑक्टोबर २०१० च्या खर्च आढाव्यात न्याय मंत्रालयाच्या वाट्याला चार वर्षांत २३ टक्के कपात आली. २०१२ च्या कायद्याने दिवाणी विधी साहाय्याचा मोठा भाग रद्दच केला. लीगल सर्व्हिसेस कमिशन बरखास्त होऊन एप्रिल २०१३ पासून मंत्रालयाच्या हाताखालची लीगल एड एजन्सी आली.

२०१२ साली क्रिस ग्रेलिंग लॉर्ड चान्सलर झाले. कित्येक शतकांत त्या पदावर कायद्याचे शिक्षण नसलेला माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी फौजदारी विधी साहाय्यातून वर्षाला २२ कोटी पौंड वाचवण्याची योजना मांडली. सर्वांत स्वस्त निविदा भरणाऱ्याला आरोपींचा बचाव सोपवावा, ही त्यातली एक कल्पना होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. पण फार मोठ्या आणि गुंतागुंतीच्या खटल्यांची फी ३० टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय डिसेंबर २०१३ मध्ये लागू झाला. ६ जानेवारी २०१४ रोजी सकाळी इंग्लंडच्या फौजदारी न्यायालयांत बॅरिस्टर अर्धा दिवस आलेच नाहीत. मार्चमध्ये पुन्हा तेच घडले.

या ३० टक्क्यांनी काय झाले, ते एका खटल्यात स्पष्ट दिसते. जमिनीच्या गुंतवणुकीत लोकांना फसवल्याचा आरोप असलेला, 'ऑपरेशन कॉटन' या पोलिसी नावाने ओळखला जाणारा हा खटला लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टात होता. कागदपत्रांचा डोंगर, अनेक आरोपी, महिनोन्‌महिने चालणारे काम. नव्या दराने ते घ्यायला स्वतंत्र बॅरिस्टर तयार होईनात. आरोपींच्या सॉलिसिटरांनी चेंबर्सामागून चेंबर्सचे दार ठोठावले, पण वकील मिळाला नाही. शेवटी एका बॅरिस्टरने फी न घेता एवढाच मुद्दा मांडला, की वकिलाशिवाय हा खटला न्याय्य होऊ शकत नाही, तो थांबवावा. त्या बॅरिस्टरचे नाव अॅलेक्स कॅमेरन. पंतप्रधानांचे सख्खे थोरले भाऊ. १ मे २०१४ रोजी न्यायाधीशांनी मुद्दा मान्य करून खटला स्थगित केला.

सरकार अपिलात गेले. सर ब्रायन लेव्हसन यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्याच महिन्यात तो आदेश फिरवला. सरकारी नोकरीतले बचाव वकील उपलब्ध होऊ शकतील, खटला कायमचा थांबवण्याइतकी वेळ आलेली नाही, असे अपील न्यायालयाचे मत पडले. सरकार जिंकले, पण कोष्टकातली फी कमी केली तरी वकील तिथेच उभा राहील, हे गृहीतक त्या वसंतात पहिल्यांदा उघडे पडले. मार्चच्या अखेरीस मंत्र्यांनी बॅरिस्टरांच्या सर्वसाधारण फीवरची नवी कपात पुढे ढकललीच होती. सॉलिसिटरांची फी मात्र ८.७५ टक्क्यांनी कापली गेली. २०१५ मध्ये तेवढीच पुन्हा कापली गेली, आणि ही दुसरी कपात मायकेल गोव्ह यांनी २०१६ च्या जानेवारीत स्थगित केली.

२०१८ साली फीचे कोष्टक बदलले. त्यात काहींना फायदा आणि कागदपत्रांनी जड झालेल्या खटल्यांच्या वकिलांना तोटा झाला. पुन्हा नवे काम नाकारण्याचे आंदोलन झाले, दीड कोटी पौंडांचे आश्वासन मिळाले आणि ते मिटले. दरम्यान काटकसरीची कात्री वकिलांपुरती राहिली नव्हती. २०१० साली इंग्लंड-वेल्समध्ये ३२३ मॅजिस्ट्रेट न्यायालये होती. दहा वर्षांत त्यांतली निम्मी बंद झाली. क्राउन कोर्टांत न्यायाधीशांनी वर्षाला किती दिवस बसायचे, त्यालाही मर्यादा घातली गेली. न्यायाधीश आहे, खोली आहे, आरोपी आहे, पण 'बसण्याचे दिवस' संपले म्हणून दार बंद, असा प्रकार करोनाच्या आधीच सुरू झाला होता. २०१९ च्या अखेरीस क्राउन कोर्टांत सुमारे ३८ हजार खटले तुंबले होते. मग महासाथ आली, ज्यूरीचे बारा जण एका खोलीत बसवणे अशक्य झाले, आणि २०२२ च्या मध्यास हा आकडा साठ हजारांच्या घरात गेला.

बेलामी अहवाल

सरकारनेच नेमलेल्या सर क्रिस्टोफर बेलामी यांचा फौजदारी विधी साहाय्यावरील अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्त न्यायाधीशाच्या संयत भाषेतला हा अहवाल निष्कर्षात मात्र कठोर आहे. फीच्या दरांत किमान १५ टक्के वाढ हवी, त्यासाठी वर्षाला साडेतेरा कोटी पौंड लागतील, आणि ही रक्कम म्हणजे अनेक वर्षे दुर्लक्षित राहिलेली व्यवस्था सावरण्याचे केवळ पहिले पाऊल आहे, असे बेलामी यांनी लिहिले. आणखी विलंबाला वाव नाही, हेही त्यांनी बजावले.

पुढे याच बेलामींना लॉर्ड करून जून २०२२ मध्ये न्याय मंत्रालयात राज्यमंत्री नेमण्यात आले, आणि स्वतःच्या अहवालाच्या अंमलबजावणीवरून पेटलेले आंदोलन त्यांना मंत्रालयाच्या आतून पाहावे लागले.

या वादात दोन आकडे एकमेकांवर फेकले गेले. संघटना म्हणे, व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत फौजदारी बॅरिस्टरच्या हातात खर्च जाऊन वर्षाला सरासरी १२,२०० पौंड उरतात. कामाचे तास मोजले तर हे किमान वेतनापेक्षा कमी. मंत्रालय म्हणे, फौजदारी बॅरिस्टरची मध्यम फी ७९,८०० पौंड आहे. वाचक बुचकळ्यात पडले. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक नवोदिताचा आणि खर्च वजा जाता. दुसरा सर्व वयोगटांतला आणि चेंबर्सचे भाडे, विमा, प्रवास, कर यांतले काहीही वजा न करता. वीस वर्षे मुरलेल्या बॅरिस्टरची ददात मिटलेली असते, हे संघटनेनेही नाकारले नाही. तिचे म्हणणे होते, की वीस वर्षे टिकेल असा माणूस आता पहिल्या पाच वर्षांतच निघून जातो. २००६ पासून आपले खरे उत्पन्न २८ टक्क्यांनी घटले आणि शेकडो कनिष्ठ बॅरिस्टर फौजदारी काम सोडून गेले, असे तिने जाहीर केले होते. व्यापारी किंवा कौटुंबिक कायद्यात तेच शिक्षण अधिक पैसे देते. ज्याच्या घरात पैसा आहे, तो फौजदारीत काही वर्षे कळ काढू शकतो. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेली गिरणी कामगाराची मुलगी काढू शकत नाही.

आधी 'परतीची कामे' बंद

११ एप्रिल २०२२ पासून बॅरिस्टरांनी पहिले हत्यार उपसले. बाहेरच्या माणसाला ते हत्यार वाटणारही नाही. एखादा खटला ठरल्यापेक्षा लांबला, की त्या बॅरिस्टरचा पुढच्या आठवड्यातला दुसरा खटला अडचणीत येतो. तो तिथे जाऊ शकत नाही. तेव्हा त्याचा क्लार्क ते काम 'परत' करतो आणि संध्याकाळी फोन फिरवून दुसरा कोणी शोधतो. तो दुसरा रात्रभर कागद वाचून सकाळी अनोळखी आरोपीच्या बाजूने उभा राहतो. यासाठी वेगळे पैसे नाहीत. ही आपसातली, भिडेखातर चालणारी रीत. सारी क्राउन कोर्टे या रीतीवर चालत होती. बॅरिस्टरांनी ठरवले, की परतीची कामे घ्यायची नाहीत. कोणताही नियम मोडला नाही, आपले ठरलेले काम नाकारले नाही. केवळ उपकार करणे थांबवले. एवढ्याने तारखा कोसळू लागल्या.

सरकार बधले नाही. मतदान झाले, ८१ टक्क्यांहून अधिक सदस्यांनी पुढच्या पावलाला संमती दिली, आणि जूनच्या अखेरीपासून 'कृतीचे दिवस' सुरू झाले. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच, आणि मग एक आठवडा आड. मागणी २५ टक्के वाढीची होती. मंत्री डॉमिनिक राब यांचे उत्तर होते, की १५ टक्के देतो, सामान्य बॅरिस्टरला वर्षाला सात हजार पौंड जादा मिळतील, आणखी काय हवे?

आता तो आधीचा तपशील. १५ टक्के मिळणार होते ते ३० सप्टेंबर २०२२ नंतर विधी साहाय्य मंजूर होणाऱ्या नव्या खटल्यांना. फी मिळते खटला संपल्यावर. पुढे साठ हजारांची रांग. म्हणजे बॅरिस्टर येती दोन-तीन वर्षे जे खटले चालवणार होते ते बहुतेक सारे जुनेच, जुन्या दराचे. वाढीचा पहिला पैसा दिसायला कदाचित २०२४ उजाडले असते. घोषणा आजची आणि पैसे परवाचे. संघटनेने या एका मुद्द्यावर माघार घ्यायचे नाकारले, आणि ऑगस्टमध्ये सुमारे ८० टक्के मतांनी ५ सप्टेंबरपासून बेमुदत बहिष्कार ठरला.

या काळात भरडले गेले ते आधीच वाट पाहणारे लोक. बलात्काराच्या तक्रारदार दोन-तीन वर्षे थांबून ठरलेल्या दिवशी मन घट्ट करून न्यायालयात येत आणि खटला पुढे गेला असे कळून परत जात. कोठडीतल्या आरोपीला खटल्याविना १८२ दिवसांहून अधिक ठेवायचे तर न्यायाधीशापुढे सबळ कारण द्यावे लागते. 'वकील आंदोलनात आहेत' हे सबळ कारण होते का? काही न्यायाधीशांनी नाही म्हटले. हा पेच सरकारमुळे निर्माण झाला आहे, त्याचा भुर्दंड आरोपीने का सोसावा, असा त्यांचा रोख होता. प्रश्न उच्च न्यायालयात गेला. मर्यादित काळापुरते हे कारण चालू शकेल, पण अनिश्चित काळ नाही, अशी भूमिका न्यायालयाने सप्टेंबरच्या अखेरीस घेतली. म्हणजे सरकारच्या हातातही फार वेळ उरला नव्हता.

दरम्यान ६ सप्टेंबरला लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, राब गेले, ब्रँडन लुईस आले. दोनच दिवसांनी राणीचे निधन झाले आणि आंदोलनातले 'क्वीन्स कौन्सेल' एका दिवसात 'किंग्ज कौन्सेल' झाले. सत्तेवर जेमतेम पन्नास दिवस राहिलेल्या त्या सरकारच्या नावावर फारसे काही जमा नाही, पण हा तंटा त्याने मिटवला. आधीच्या मंत्र्याने महिनोन्‌महिने टाळलेली भेट लुईस यांनी घेतली आणि १५ टक्के वाढ रांगेतल्या बहुतांश खटल्यांनाही लागू करण्याचे मान्य केले. वकिलांसाठी एकूण ५.४ कोटी पौंड जादा देण्याचे ठरले. १० ऑक्टोबरला मतमोजणी झाली. ५७ टक्के स्वीकारावे म्हणाले, ४३ टक्के नाही म्हणाले. त्या संध्याकाळी आंदोलन संपले.

पैसे आले, माणसे?

४३ टक्के हा आकडा लहान नाही. त्यांची शंका पुढच्या तीन वर्षांनी बरीचशी खरी ठरवली. एकदा दिलेल्या १५ टक्क्यांना महागाईची जोड नव्हतीच. २०२२ आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधील महागाई चाळीस वर्षांतल्या उच्चांकावर गेली आणि हातात पडण्याआधीच त्या वाढीचा बराच भाग तिने गिळला. २००७ नंतर जे घडले तेच थोडक्या काळात पुन्हा घडले.

याहून अवघड गोष्ट माणसांची. सरकारी किंवा बचावाचा बॅरिस्टर न मिळाल्याने त्याच दिवशी रद्द करावे लागलेले क्राउन कोर्टातले खटले २०१९ साली ७१ होते. २०२३ साली, म्हणजे आंदोलन मिटून वाढ लागू झाल्यानंतरच्या वर्षात, ते १,४०० हून अधिक झाले. कोणी बहिष्कार घातला नव्हता. माणूसच नव्हता. लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या बॅरिस्टरांची संघटनेने पाहणी केली, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश जणांनी हे काम पुढे करायची इच्छा नसल्याचे सांगितले. तुटपुंजी फी आणि मनावरचा ताण ही कारणे होती. बलात्काराचा खटला चालवणारा बॅरिस्टर दहा-बारा वर्षांच्या अनुभवाने तयार होतो. २०१२ साली जो तरुण फौजदारी सोडून गेला, त्याची जागा २०२४ साली रिकामी दिसते. फीचे कोष्टक एका अधिसूचनेने बदलता येते. त्या तरुणाला मात्र परत बोलावता येत नाही, आणि कपातीचा हिशेब करणाऱ्यांनी हा खर्च कोणत्याही रकान्यात मांडला नव्हता. सॉलिसिटरांनाही बेलामींनी १५ टक्केच सुचवले होते. त्यांना प्रत्यक्षात त्याहून कमी मिळाले. त्यांची संस्था, लॉ सोसायटी, न्यायालयात गेली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारचा तो निर्णय काही अंशी अतार्किक असल्याचा निकाल लागला, आणि वर्ष संपता संपता मजूर पक्षाच्या नव्या सरकारने त्यांच्यासाठी ९.२ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद जाहीर केली.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३९-अ, त्यानंतरचे होस्कोट आणि हुसैनारा खातून हे निकाल, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांमुळे मोफत वकील हा आरोपीचा हक्क ठरला. कोठडीतल्या कोणालाही, आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न न पाहता तो मिळतो. मिळणारा वकील कसा असतो, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. मध्य प्रदेशातील खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात आरोपीला ज्या दिवशी वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि काही दिवसांत फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात ती शिक्षा रद्द केली. अशा गंभीर खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारणतः सात दिवस तरी मिळावेत, असे घालून दिले. प्रकरणागणिक मानधनाच्या जुन्या पद्धतीवर उपाय म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्हा पातळीवर पूर्णवेळ, मासिक मानधनावरचे बचाव वकील नेमण्याची योजना आणली. इंग्लंडने ज्या वर्षी स्वतंत्र बॅरिस्टरांच्या फीवरून तंटा केला, त्याच वर्षी आपण पगारी वकिलाकडे वळलो. कॉटन खटल्यात सरकारने आधार घेतला होता तोही पगारी वकिलांचाच. बचाव करणाऱ्याचा पगारही सरकारकडूनच यावा का, यावर मतभेद आहेत आणि राहतील.

इंग्लंडमध्ये तुंबलेल्या खटल्यांची संख्या २०२५ च्या उत्तरार्धात ८० हजारांच्या जवळ पोहोचली. कॉटन खटल्याचे अपील ज्यांच्यापुढे चालले, त्याच सर ब्रायन लेव्हसन यांना, निवृत्तीनंतर, या कोंडीवर उपाय सुचवण्यासाठी नेमण्यात आले. जुलै २०२५ च्या अहवालात त्यांनी अनेक मध्यम गंभीर गुन्ह्यांतून ज्यूरी काढून घेण्याची शिफारस केली, आणि फौजदारी चेंबर्सांत उमेदवारी करणाऱ्यांसाठी सरकारने अर्धा खर्च उचलावा असेही सुचवले. डिसेंबरमध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी ज्यूरीचे क्षेत्र आणखी आकुंचित करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याच वेळी बचाव बॅरिस्टरांच्या फीसाठी नवा निधी जाहीर केला. बॅरिस्टरांच्या संघटनांनी निधीचे स्वागत केले आणि प्रस्तावाला विरोध केला. ज्यूरीमुळे रांग लागलेली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. तो वाद चालू असताना काही क्राउन कोर्टांत आज गुन्हा नाकारणाऱ्या, जामिनावर असलेल्या आरोपीला सुनावणीची तारीख मिळते ती २०२८ किंवा २०२९ सालची.